बॅकअप दहा मिनिटे धावतो आणि मग रांगतो, तो का?

नागपुरात धरमपेठेत स्टुडिओ चालवणाऱ्या एका छायाचित्रकारांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे 4 टीबीचा, अडीच इंची, यूएसबी 3.0 चा पोर्टेबल हार्ड ड्राइव्ह आहे. लग्नसराईत प्रत्येक कार्यक्रमानंतर रॉ (कॅमेऱ्यातील मूळ, प्रक्रिया न केलेले) फोटो, व्हिडिओ आणि लाइटरूम या फोटो संपादनाच्या प्रोग्रामचा कॅटलॉग असलेले फोल्डर ते विंडोज 11 च्या लॅपटॉपवरून त्यावर उतरवतात. पहिल्या वर्षी हे काम संध्याकाळी लावले की रात्रीच्या जेवणापर्यंत आटोपत असे. आता कॉपी सुरू होताना वेग सेकंदाला 120 मेगाबाइट दिसतो, दहाएक मिनिटांत तो 10 च्या आसपास येतो आणि मधूनमधून शून्यावरही टेकतो. केबल बदलून झाली, पोर्ट बदलून झाला, ड्राइव्ह फॉरमॅटही करून झाला, पण फरक पडलेला नाही. ड्राइव्ह बिघडला आहे, विंडोजमध्ये काही दोष आहे, की सरळ नवा ड्राइव्ह घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ड्राइव्ह बिघडल्याची शक्यता मला कमी वाटते. सुरुवातीला दिसणारा 120 चा वेग हा त्या ड्राइव्हचा टिकाऊ वेग नाही. संगणकाच्या रॅमने आणि ड्राइव्हमधल्या तात्पुरत्या साठ्याने काही काळापुरता दिलेला तो उसना वेग आहे. साठा भरला की ड्राइव्हला प्रत्यक्षात जेवढे झेपते तेवढेच दिसू लागते. दुकानदार आणि जाहिराती उसना वेग सांगतात, बॅकअपला मात्र खरा वेग लागतो, कारण बॅकअप हे घरगुती संगणकावरील बहुधा एकमेव काम आहे जे सलग काही तास नुसते लिहीत राहते.

तरीही केवळ वर्णनावर विसंबून राहू नका. वेग कमी आहे एवढ्यावरून कारण कळत नाही. तो कोणत्या पद्धतीने कमी होतो हे पाहिले तर बहुतेक वेळा कळते. त्यासाठी तीन मोजमापे घ्या. पहिले, लॅपटॉपच्या आतील एसएसडीवरून (फिरणारी तबकडी नसलेल्या, चिपच्या साठ्यावरून) 25 ते 30 जीबीची एकच मोठी फाइल ड्राइव्हवर वेगवेगळ्या नावांनी सलग तीन-चार वेळा कॉपी करा आणि टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’ या भागात त्या ड्राइव्हचा आलेख पाहत राहा. दुसरे, ड्राइव्ह एकदा रीतसर काढून पुन्हा जोडा आणि तीच फाइल उलट्या दिशेने लॅपटॉपवर आणा. काढून जोडणे आवश्यक आहे, नाहीतर फाइलचा बराचसा भाग रॅममधूनच वाचला जाईल आणि मोजमाप फसवे निघेल. तिसरे, हजारो लहान फाइल असलेला एखादा फोल्डर कॉपी करा. पहिल्या दोन्ही दिशांना वेग सुरुवातीपासून 35 ते 40 मेगाबाइटवर सपाट राहिला तर दोष जोडणीत आहे. वाचन सुरळीत आणि लेखन मात्र काही काळाने कोसळते असे दिसले तर तो ड्राइव्हच्या रचनेचा गुण आहे. वाचतानाही वेग ठरावीक जागी अडकत असेल तर पृष्ठभागावर खराब सेक्टर (माहिती साठवण्याचे लहान तुकडे) असण्याची शंका घ्यावी. फक्त तिसऱ्या चाचणीतच वेग पडत असेल तर प्रश्न फाइलींच्या संख्येचा आहे.

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर सरासरी प्रतिसाद वेळ मिलिसेकंदांत दाखवलेला असतो, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण निदानासाठी मला तो वेगाच्या आकड्यापेक्षा उपयोगी वाटतो. डिस्क 100 टक्के व्यग्र आहे, लेखन सेकंदाला 8 ते 10 मेगाबाइटच होते आहे आणि प्रतिसाद वेळ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद आहे, असे चित्र दिसले तर ड्राइव्ह आतल्या आत वेगळेच काही काम करतो आहे हे नक्की समजावे.

ते काम कोणते, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. हार्ड डिस्कवर माहिती वर्तुळाकार ट्रॅकवर लिहिली जाते. लिहिणारे टोक वाचणाऱ्या टोकापेक्षा रुंद असते, त्यामुळे वाचायला जेवढी रुंदी पुरते त्यापेक्षा जास्त जागा लिहिताना खर्ची पडते. ही जागा वाचवण्यासाठी उत्पादकांनी शेजारचे ट्रॅक कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडे चढवून लिहिण्याची पद्धत आणली. तिला शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग किंवा एसएमआर म्हणतात, आणि ट्रॅक सुटे ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीला सीएमआर. 2013 च्या सुमारास एसएमआर ड्राइव्ह मोठ्या प्रमाणावर बाजारात येऊ लागले. तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती मावत असल्याने ते स्वस्त पडतात, आणि आज 2 टीबी व त्याहून मोठ्या क्षमतेचे अडीच इंची पोर्टेबल ड्राइव्ह बहुतांशी याच पद्धतीचे असतात. वाचताना यात काही तोटा नाही. लिहिताना मात्र मधले एक कौल बदलायचे तर त्यावर टेकलेली पुढची कौले उचलून पुन्हा बसवावी लागतात. ही साखळी तबकडीच्या टोकापर्यंत जाऊ नये म्हणून ट्रॅकचे गट पाडलेले असतात. असा एक गट साधारण 256 मेगाबाइटचा असतो. म्हणजे गटाच्या मध्यावर 4 किलोबाइटचा बदल करायचा झाला तरी ड्राइव्हला तो गट वाचून, दुरुस्त करून, पुन्हा ओळीने लिहावा लागू शकतो.

प्रत्येक वेळी हे करणे परवडणारे नाही, म्हणून अशा ड्राइव्हमध्ये सुट्या ट्रॅकचा एक राखीव भाग ठेवलेला असतो. विस्कळीत लेखन आधी तिथे साठवले जाते आणि ड्राइव्ह मोकळा झाला की ते मूळ गटांत नीट लावले जाते. या राखीव भागाचा आकार मॉडेलनुसार बदलतो. काही जीबीपासून काही दहा जीबीपर्यंत तो असू शकतो. तुमच्या ड्राइव्हचा वेग दहा मिनिटे टिकतो. सेकंदाला 120 मेगाबाइटने दहा मिनिटांत साधारण 70 जीबी लिहिले जातात, आणि एवढी माहिती तुमच्या लॅपटॉपच्या रॅममध्ये तर मावणार नाही. हा हिशोब राखीव भाग भरण्याशी चांगला जुळतो. तो भरला की ड्राइव्हला एकीकडे जुने आवरणे आणि दुसरीकडे नवे स्वीकारणे अशी दोन्ही कामे एकाच टोकाने करावी लागतात, आणि वेग दहावर का येतो व मधूनमधून शून्य का होतो याचे कारण तेच.

पहिल्या वर्षी हे का जाणवले नाही, याचे उत्तरही यातच आहे. कोऱ्या ड्राइव्हवर मोठ्या फाइल ओळीने लिहिल्या जात असताना गट रिकामेच असतात, त्यामुळे ड्राइव्ह राखीव भागाला वळसा घालून थेट गट भरत जाऊ शकतो. पुढे जुने फोल्डर काढून त्यांच्या जागी नवे लिहिणे सुरू झाले की रिकाम्या जागा तुकड्यातुकड्यांत विखुरतात आणि प्रत्येक नवी फाइल कोणत्या ना कोणत्या अर्धवट भरलेल्या गटात शिरते. शिवाय विंडोजने एखादी फाइल काढली म्हणजे ती फक्त स्वतःच्या नोंदवहीतून काढली. ड्राइव्हला ते आपोआप कळत नाही. ‘ट्रिम’ ही आज्ञा पोहोचली तरच ड्राइव्हला समजते की हा भाग आता जपण्याची गरज नाही. काही नव्या एसएमआर ड्राइव्हमध्ये ती सोय असते, जुन्या अनेकांमध्ये नसते, आणि काही ड्राइव्हच्या बाहेरच्या डब्यातील यूएसबी चिप ती आज्ञा पुढे जाऊच देत नाही. तुम्ही फॉरमॅट करूनही फरक पडला नाही, त्याचे संभाव्य कारण हेच. पूर्ण फॉरमॅटने तर उलटे होऊ शकते: विंडोज संपूर्ण ड्राइव्हवर शून्ये लिहिते, आणि ड्राइव्हच्या दृष्टीने ती शून्येही जपून ठेवण्याची माहितीच असते.

यावर अनेक जण डीफ्रॅगमेंट करायला सांगतात. एसएमआर ड्राइव्हच्या बाबतीत हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. डीफ्रॅगमेंट म्हणजे लाखो तुकडे इकडून तिकडे हलवणे, म्हणजे ज्या प्रकारच्या लेखनाने ड्राइव्ह हैराण होतो नेमके तेच रात्रभर करून घेणे. विंडोजच्या आपोआप चालणाऱ्या साप्ताहिक ‘ऑप्टिमाइझ’मध्ये तुमचा ड्राइव्ह हार्ड डिस्क म्हणून यादीत असेल तर तो तिथून वगळा.

तुमचा ड्राइव्ह एसएमआर आहे की नाही हे डब्यावर लिहिलेले सापडणार नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये या विषयावरून ग्राहकांची नाराजी उफाळल्यावर प्रमुख उत्पादकांनी आतील ड्राइव्हच्या मॉडेलनुसार याद्या जाहीर केल्या. डब्यात बसवलेल्या मूळ ड्राइव्हचा मॉडेल क्रमांक क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्राम दाखवतो. तो घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावरील माहितीपत्रक पाहावे.

आता फाइलींच्या संख्येविषयी. तुमच्या बॅकअपमध्ये लाइटरूमच्या प्रिव्ह्यूंचा, म्हणजे फोटो चटकन दिसावेत म्हणून बनवलेल्या छोट्या प्रतींचा, फोल्डर आहे, आणि तो दिसतो त्यापेक्षा फार जड असतो. समजा त्यात सरासरी 40 किलोबाइटच्या 1 लाख फाइल आहेत. एकूण माहिती भरते जेमतेम 4 जीबी, जी एकसंध असती तर सेकंदाला 100 मेगाबाइटने 40 सेकंदांत लिहिली गेली असती. पण प्रत्येक फाइलसाठी विंडोजला स्वतंत्र नोंद करावी लागते, फोल्डरच्या अनुक्रमणिकेत नाव घालावे लागते, तारखा लिहाव्या लागतात आणि या सगळ्याची आगाऊ नोंद एनटीएफएस या विंडोजच्या फाइल मांडणीच्या नोंदवहीत करावी लागते. ही ठिकाणे तबकडीवर दूरदूर असतात. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे 11 मिलिसेकंदांची असते, त्यात टोक हलवण्याचा वेळ मिळवा. प्रत्येक फाइलमागे केवळ 20 मिलिसेकंद जास्तीचे धरले तरी 1 लाख फाइलींना 2000 सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, आणि तोही सीएमआर ड्राइव्हवर. एसएमआरवर हीच विखुरलेली लहान लेखने राखीव भाग सर्वांत आधी भरून टाकतात, म्हणून प्रिव्ह्यूंच्या मागून येणाऱ्या मोठ्या व्हिडिओ फाइलींनाही त्याचा फटका बसतो.

प्रिव्ह्यू मूळ फोटोंवरून पुन्हा तयार होऊ शकतात, त्यामुळे ते बॅकअपमधून वगळायला हरकत नाही. व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रामने तयार केलेल्या कॅश (तात्पुरत्या) आणि प्रॉक्सी (संपादनापुरत्या हलक्या प्रतींच्या) फाइलींनाही हेच लागू. कॅटलॉगची मुख्य फाइल मात्र चुकूनही वगळू नका. फोटोंवर तुम्ही केलेले सगळे बदल, निवडी आणि कीवर्ड तिच्यातच असतात आणि ते कुठूनही परत मिळत नाहीत.

जोडणीचा मुद्दा तुम्ही केबल बदलून एकदा तपासला आहे, तरी तो पूर्ण सोडून देऊ नये, कारण बर्डीच्या बाजारातून आणलेली नवी केबल ही जुन्यापेक्षा चांगलीच असेल असे नाही. यूएसबी 2.0 ची कागदावरची क्षमता सेकंदाला 480 मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात त्यातून 35 ते 40 मेगाबाइट मिळतात, यूएसबी 3.0 ची क्षमता 5 गिगाबिट आहे. पोर्टेबल ड्राइव्हच्या बाजूला असणारा तो रुंद, दोन भागांचा मायक्रो-बी प्लग सैल झाला की त्यातील जलद वाहिन्यांचा संपर्क सुटतो आणि ड्राइव्ह मुकाट्याने यूएसबी 2.0 वर उतरतो. बिघाडाचा काहीच संदेश येत नाही, म्हणून लोक ड्राइव्हला दोष देत राहतात. टाइप-सी असलेल्या ड्राइव्हच्या बाबतीत फसवणूक आणखी सोपी आहे: मोबाइलसोबत मिळणाऱ्या बहुतेक टाइप-सी केबलींमध्ये केवळ यूएसबी 2.0 च्या तारा असतात, आणि महागडा एसएसडी त्या केबलने जोडला की तोही 40 मेगाबाइटवर थांबतो. स्वतःचा वीजपुरवठा नसलेले हब टाळावेत, कारण यूएसबी 3.0 च्या पोर्टकडून 900 मिलिअँपिअर मिळणे अपेक्षित असते आणि तेवढे न मिळाल्यास फिरणारी डिस्क मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होते. तुमच्याकडे सुरुवातीला 120 दिसतात, त्यामुळे तुमची वाहिनी यूएसबी 3.0 चीच आहे. हा परिच्छेद तुमच्यासारखी लक्षणे नसलेल्या वाचकांसाठी अधिक आहे.

वेग शून्यावर टेकतो, ही गोष्ट मात्र मला अर्धवट सोडवत नाही. एसएमआरमध्ये ते अपेक्षित आहे, पण खराब होऊ लागलेल्या डिस्कमध्येही तसेच दिसते, कारण एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क तोच पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत काही सेकंद अडून राहते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या, नोंदी पाहा. 05 क्रमांकाची नोंद बदललेल्या सेक्टरांची संख्या सांगते, सी5 ही निर्णय न झालेल्या संशयित सेक्टरांची, आणि सी7 ही डिस्क व तिच्या चिपमधील संदेशवहनातील चुकांची. सी5 शून्याहून अधिक असेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल तर वेगाची चर्चा बंद करून आधी त्या ड्राइव्हवरील माहिती दुसरीकडे हलवावी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ या स्रोताखाली 7 किंवा 153 क्रमांकाच्या घटना असतील तर त्याही याच दिशेने बोट दाखवतात. हे तपासताना लॅपटॉपमधील डिस्क विसरू नका. संगणकावरील सर्व फाइल एकामागून एक वाचण्याची वेळ बहुधा बॅकअपच्या निमित्तानेच येते, त्यामुळे मूळ डिस्कचा खराब भाग प्रथम बॅकअपमध्येच उघडा पडतो आणि आरोप बिचाऱ्या बाहेरच्या ड्राइव्हवर येतो.

विंडोजचा दोष किती, असेही तुम्ही विचारले आहे. थोडा आहे. 2018 च्या ऑक्टोबरमधील विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागू असते. त्यात लेखन रॅममध्ये रोखून न ठेवता लवकर ड्राइव्हकडे पाठवले जाते, ज्यामुळे ड्राइव्ह अचानक काढला तरी नुकसान कमी होते, पण लहान फाइलींचे काम हळू होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या ‘पॉलिसीज’मधून ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडता येते. लॅपटॉपवर हे करायला माझी हरकत नाही, कारण त्याला बॅटरी आहे. डेस्कटॉपवर मात्र यूपीएस असल्याशिवाय करू नका, वळवाच्या पावसात आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. ही निवड केल्यावर ड्राइव्ह दर वेळी ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढावा लागेल. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना आणि लिहून झाल्यावर तपासतो, त्याचाही भार असतो, परंतु रॉ फोटो आणि व्हिडिओंसाठी तो अल्प आहे आणि त्यासाठी संरक्षण बंद ठेवणे शहाणपणाचे नाही. बाहेरच्या ड्राइव्हवरील शोध-अनुक्रमणिका बंद करावी. तिचा बॅकअपमध्ये काही उपयोग नसतो.

बॅकअपचा प्रोग्राम स्वतः वेळ खातो ती उदाहरणे वेगळी आहेत. विंडोजमधला रोबोकॉपी हा कॉपीचा प्रोग्राम वापरत असाल तर एक जागा सांभाळा: एखादी फाइल वाचता आली नाही तर ती पुन्हा वाचण्याचे प्रयत्न मूळ व्यवस्थेत 10 लाख वेळा होतात आणि प्रत्येक दोन प्रयत्नांमध्ये 30 सेकंदांचा थांबा असतो. म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने उघडून ठेवलेली एकच फाइल संपूर्ण बॅकअप अडवून बसू शकते. पुनर्प्रयत्न एक किंवा दोनवर आणि थांबा काही सेकंदांवर आणून ठेवावा. याच प्रोग्राममध्ये अनेक फाइल एकाच वेळी कॉपी करण्याची सोय आहे आणि ती सुरू केली की मूळ संख्या 8 असते. एसएसडीला ती मानवते, फिरणाऱ्या डिस्कला नाही, कारण एकच टोक आठ ठिकाणी पळवले जाते. त्याच कारणाने दोन खिडक्यांतून दोन कॉपी एकदम लावू नयेत. लेखनानंतर पडताळणीचा पर्याय निवडला असेल तर वेळ जवळपास दुप्पट होणे स्वाभाविक आहे. तो वेळ मी वाया गेलेला मानत नाही. आणि ड्राइव्हवर फॅट32 ही जुनी फाइल मांडणी असेल तर तिथे फाइलची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदली जाते, त्यामुळे काही प्रोग्रामना न बदललेल्या फाइलही बदललेल्या वाटतात आणि ते दर वेळी सगळेच नव्याने कॉपी करत बसतात. विंडोजपुरता वापर असेल तर एनटीएफएस ठेवावे.

ड्राइव्ह भरत आला की वेग कमी होतो हेही खरे आहे आणि त्यात एसएमआरचा संबंध नाही. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त माहिती मावते, आतल्या कडेला कमी. लेखन साधारणपणे बाहेरून आत सरकते, आणि शेवटच्या भागात वेग सुरुवातीच्या जवळपास निम्म्यावर येतो.

यावर एसएसडी घेऊ का, असा पुढचा प्रश्न येणारच. घेता येईल, पण उसन्या वेगाची गोष्ट तिथेही सुटत नाही. स्वस्त पोर्टेबल एसएसडीत एका पेशीत तीन किंवा चार बिट साठवतात. असे लेखन मंद असते, म्हणून काही पेशी तात्पुरत्या एकेका बिटाने भरून वेग दाखवला जातो. हा साठा संपला की चार बिटांचे काही एसएसडी सेकंदाला 100 मेगाबाइटच्याही खाली येतात, आणि ड्राइव्ह जितका भरलेला तितका हा साठा लहान होतो. शिवाय नागपूरचा उन्हाळा आहे. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना कूलर नसलेल्या खोलीत बंद धातूच्या डब्यातील एनव्हीएमई (अतिजलद प्रकारचा) एसएसडी लवकरच तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. फिरणाऱ्या डिस्क असा वेग सहसा उतरवत नाहीत, परंतु अनेक पोर्टेबल ड्राइव्हच्या माहितीपत्रकात भोवतालचे तापमान 35 अंशांपर्यंतच मान्य केलेले असते, आणि आपल्याकडे दुपारी ती मर्यादा घरातच ओलांडली जाते. उन्हाळ्यात बॅकअप रात्री लावा, ड्राइव्ह लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्यापासून दूर, उघड्या टेबलावर ठेवा, आणि थंड हवा मिळावी म्हणून तो कूलरच्या थेट ओल्या झोतातही ठेवू नका.

तुमच्या कामाच्या पद्धतीत मी असे बदल करेन. लग्नाचे कार्ड रिकामे करताना माहिती आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर यावी, आणि तिथून बाहेरच्या ड्राइव्हवर जाण्याचे काम रात्री एकटे चालावे. चालू कामांच्या फोल्डरमधून केवळ नव्या आणि बदललेल्या फाइल जाव्यात. जुने काढून सगळे पुन्हा लिहिण्याची सवय एसएमआरला सर्वांत महाग पडते. काम ग्राहकाच्या हाती दिल्यानंतर त्या कार्यक्रमाचा फोल्डर एकाच मोठ्या फाइलमध्ये बांधून ठेवावा आणि बांधताना आकुंचन करू नये, कारण रॉ, जेपीईजी आणि व्हिडिओ आधीच आकुंचित असतात आणि प्रोसेसरचा वेळ फुकट जातो. बांधलेली फाइल बिघडली तर तिच्यातील अनेक फोटो एकदम धोक्यात येतात, म्हणून हा मार्ग मी संपलेल्या कामांसाठीच आणि दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रती असतील तरच सुचवतो. बॅकअप संपला की ड्राइव्ह लगेच उपटू नका. तासदोन तास जोडलेला राहू द्या, म्हणजे आतील आवराआवर पूर्ण होईल आणि दुसऱ्या रात्री राखीव भाग पुन्हा रिकामा मिळेल. एवढ्या एका सवयीने पुष्कळ स्टुडिओंचे काम सुसह्य झालेले मी पाहिले आहे. ड्राइव्हवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी.

नवा ड्राइव्ह घ्यायचाच असेल तर रोजच्या बॅकअपसाठी साडेतीन इंची, स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा आणि माहितीपत्रकात सीएमआर असल्याचे स्पष्ट लिहिलेला ड्राइव्ह घ्या. तो खिशात मावणार नाही, पण 4 टीबी सलग सेकंदाला 100 मेगाबाइटने लिहायला त्याला सुमारे 11 तास लागतील. त्याच कामाला 10 च्या वेगाने साडेचार दिवसांहून अधिक लागतात. सध्याचा 4 टीबीचा ड्राइव्ह, स्मार्टच्या नोंदी स्वच्छ असतील तर, टाकून देण्याचे कारण नाही. त्यावर वर्षाअखेरीस संपलेली कामे ओळीने एकदाच लिहा, काही काढू नका, काही बदलू नका, आणि भरला की नाव-साल लिहून कपाटात ठेवा. एकदा लिहून पुढे फक्त वाचायचे, या कामात एसएमआरला कोणतीच अडचण नसते. वर्षातून एकदा तो जोडून संपूर्ण वाचून पाहावा आणि सी5 ची नोंद मागच्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहावी.